कागदावरचे हृदय

मुलांनो, वाशीम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील शाळेत प्रयोगशाळा नसेल, तर हृदयाची रचना कशी पाहावी? 'संवर्धित वास्तव' हा त्यावरील एक स्वस्त उपाय होय. फोनचा कॅमेरा कागदावरील चित्र ओळखतो आणि पडद्यावर त्याच जागी धडधडणारे हृदय उभे करतो. गुरुजींचा एक फोन व छापील कागद एवढ्यावर हे साधते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली ते जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. मात्र पडद्यावरील हृदय पाहून थांबू नका. छातीवर हात ठेवून स्वतःचे ठोके मोजा. धावून आल्यावर पुन्हा मोजा. ते का वाढले, याचे उत्तर तुम्हीच शोधा.