चांदीच्या पात्रावरील मुद्रा

वडिलोपार्जित चांदीचे पात्र कोणी घडविले हे ठरविताना बहुतेकांची दृष्टी प्रथम नक्षीवर खिळते. वास्तविक पात्र पालथे करून त्याचा तळ भिंगातून पाहावयास हवा. इंग्लंडमधील पात्रांचा तळ पुष्कळच बोलका असतो. चालत्या सिंहाची मुद्रा म्हणजे हजारांत किमान ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचे मुख लंडनचे, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. एक वर्णाक्षर तपासणीचे वर्ष दर्शविते आणि आद्याक्षरे कारागिराचे वा पेढीचे नाव. १७८४ पासून १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजमुखही उमटविले जाई.

भारतात ब्रिटिश अमदानीत अशी सक्तीची तपासणी नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांसारख्या पेढ्या आपली मुद्रा आपणच उठवीत. हॅमिल्टनच्या पात्रांवर पेढीच्या आद्याक्षरांजवळ हत्ती आणि एखादे वर्णाक्षर आढळते. हा थाट इंग्रजी मुद्रांचाच. परंतु ते अक्षर लंडनच्या कोष्टकात शोधून वर्ष काढणे व्यर्थ होय. शिवाय ही मुद्रा पेढीची. ज्या देशी कारागिरांनी अशा पेढ्यांसाठी हातोडी चालविली, त्यांची नावे तिच्यात नाहीत.

याला ठळक अपवाद भूजच्या ऊमरसी मावजींचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे कच्छ दरबारचे रौप्यकार. त्यांच्या कामावर ‘ओ’ आणि ‘एम’ ही रोमन आद्याक्षरे, कधी ‘भूज’ हा शब्दही आढळतो. बारीक खडबडीत पृष्ठभागावर उठविलेली दाट वेलपत्ती आणि तीत दडलेले पशुपक्षी ही त्यांची ओळख खरी. पण ती साऱ्या कच्छी कामाचीच ओळख आहे. मुद्राहीन पात्र केवळ वेलपत्तीवरून त्यांच्या नावे करण्याचा मोह विक्रेत्यांना फार. ‘कच्छी काम, कारागीर अज्ञात’ एवढेच म्हणणे अशा वेळी प्रामाणिकपणाचे.

आणखी एक फसगत संभवते. आपल्याकडे भांड्यांवर मालकाचे नाव घालण्याची चाल आहे. ती आद्याक्षरे कारागिराची समजली जातात. कोरलेल्या अक्षरांत टोकदार हत्याराची रेषा जाड-बारीक होत जाते. ठोकलेल्या मुद्रेत बहुधा लहानशी चौकट एकदमच आत दबलेली असते. भेटीदाखल कोरलेल्या तारखेवरून एवढेच कळते की पात्र साधारणपणे त्यापूर्वीचे आहे.

मुद्रा अस्पष्ट असल्यास ती उजळण्यासाठी पात्र घासू नये. प्रत्येक घासणीबरोबर थोडी अक्षरेही जातात. दिव्याचा प्रकाश बाजूने तिरपा पाडावा, म्हणजे खोलगट भागात सावली साचून अक्षरे वाचता येतात.