‘तारिणी’वरील दिवस

घरातील पाणी संपले, तर शेजारी मागता येते. काही मोडले, तर सुताराला किंवा लोहाराला बोलावता येते. पण चहूंकडे क्षितिजापर्यंत समुद्रच पसरला असेल, तर हाक कोणाला मारायची? ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरील सहाजणींनी असे १९९ दिवस समुद्रावर काढले.

‘तारिणी’ ही अवघी ५५ फूट लांबीची नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलातील सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. वर्तिका जोशी या प्रमुख होत्या. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या व पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. त्यांना शिक्षण दिले होते दिलीप दोंदे यांनी. २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.

रात्र झाली म्हणून नौका थांबत नाही. भर समुद्रात नांगर तळाला पोचत नाही. वारा आणि लाटा नौकेला पुढे नेतच असतात. म्हणून ‘तारिणी’वर अहोरात्र पहारा असे. पाळी आली, की भर थंडीतही अंथरूण सोडावे लागे. वाऱ्याची दिशा पाहावी, शिडे ताणावी किंवा उतरवावी, सुकाणू सांभाळावे आणि दूरवर एखादे जहाज दिसते का, यावर नजर ठेवावी, हे पाळीचे काम. अंगावरील पट्टा दोरीने नौकेला अडकवूनच वर वावरायचे, हा अशा प्रवासातील कडक नियम. अंधारात पाण्यात पडलेले माणूस पुन्हा सापडणे फार कठीण असते.

स्वयंपाक करणे हीही एक कसरतच. नौका डोलते तशी शेगडीही डोलती ठेवतात, म्हणजे भांडे सरळ राहते. ताज्या भाज्या थोडे दिवस पुरतात; पुढे डबाबंद व सुकवलेल्या अन्नावर भागवावे लागते. भोवती अथांग पाणी, पण ते पिण्यास निरुपयोगी! गोड्या पाण्याचा थेंबन् थेंब जपावा लागतो.

हवामानाच्या आणि लाटांच्या नोंदी करणे, समुद्रातील प्रदूषणाचे निरीक्षण करणे, हीही कामे त्या नेमाने करीत. पूर्वेकडे जाताना घड्याळ वरचेवर पुढे करावे लागते. मग पॅसिफिक महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, की कालचीच तारीख आज पुन्हा उगवते!

याच महासागरात त्यांची खरी कसोटी लागली. ताशी ११० किलोमीटरांहून अधिक वेगाने वारा सुटला. दुमजली घराएवढ्या, सात मीटर उंचीच्या लाटा उसळू लागल्या. थंडीने हात बधिर होत होते. तरीही पाळी चुकवून चालणार नव्हते. खाली झोपलेल्या मैत्रिणींचे प्राण वर जागणाऱ्या मैत्रिणींच्या हाती होते. आणि काही तासांनी जागणाऱ्या झोपणार होत्या व झोपलेल्या जागणार होत्या.

संकट एवढ्यावर संपले नाही. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. तेव्हा त्यांनी मॉरिशसमधील पोर्ट लुई बंदर गाठले व दुरुस्ती करून घेतली. अखेर २१ मे २०१८ रोजी ‘तारिणी’ गोव्यास परतली. २५४ दिवसांत तिने २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर अंतर कापले होते. विषुववृत्ताचा परीघही जवळजवळ एवढाच आहे.

नौका वाऱ्याच्या बळावर चालली, हे खरे. पण ती सुखरूप परतली, ती नेमाने पाळलेल्या पाळ्यांमुळे. एकीची झोप दुसरीच्या जागरणावर सोपवलेली होती, आणि तो विश्वास कोणीही ढळू दिला नाही.

अभ्यास

१. ‘तारिणी’वर अहोरात्र पहारा का ठेवावा लागे?
२. भोवती पाणी असूनही गोडे पाणी का जपावे लागते?
३. ‘एकीची झोप दुसरीच्या जागरणावर सोपवलेली होती’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या झोपेच्या वेळी तुमच्यासाठी कोण कोण जागे असते? पाच-सहा ओळी लिहा.