बिनचहाचा गरम पेला

गवती चहा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. परसात, न्हाणीच्या पाण्यावर त्याचे एक ठोंब लावावे. पुढे त्याचा मोठा झुपका होतो. पात लांब, हिरवी, कडेला धारदार असते. बेताने धरली नाही तर बोट कापते. चुरगळली की लिंबासारखा वास येतो. त्याला आपण चहा म्हणतो खरे, पण तो चहा नव्हे. ते एक गवत आहे.

खरा चहा म्हणजे एका झुडपाची वाळवलेली पाने. ही झुडपे आसामात, दार्जिलिंगला, निलगिरीच्या डोंगरात होतात. १८३९ साली आसामातला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. आपल्या खेड्यांना मात्र चहाची सवय फार उशिरा लागली. पूर्वी पाहुणा आला की गूळपाणी पुढे करीत. १९३० ते १९४० या दहा वर्षांत चहाच्या प्रचारकांनी बाजारात आणि रेल्वे स्टेशनांवर चहा करून दाखवला, लोकांना फुकट पाजला. फुकटची गोडी लागली आणि मग ती विकत घ्यावी लागली. आज एखाद्या घरी भाकरीला पीठ नसेल, पण चहाची पुडी असतेच.

आम्ही चहाला विष म्हणत नाही. शेतावरून दमून आलेल्या माणसाला चहा हवासा वाटतो. पण नेमके काय हवेसे वाटते, ते पाहू.

चहाच्या पानात एक द्रव्य असते. त्याचे नाव कॅफीन. शब्द नवा आहे, फोडून वाचा : कॅ-फी-न. रुंगे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून ते वेगळे काढले. पुढे तेच चहातही सापडले. दिवसभर आपण राबतो, जागे राहतो, तेव्हा शरीरात एक द्रव्य साठत जाते. ते मेंदूला सांगते, "आता पुरे, नीज." कॅफीन त्या निरोप्याची वाट अडवून बसते. निरोप आत पोचत नाही आणि आपल्याला तरतरी वाटते. थकवा गेलेला नसतो. तो दाराबाहेर उभा असतो.

ही वाट लौकर मोकळी होत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातले निम्मे कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ६ ला चहा घेतला, तर रात्री ११ वाजता त्यातले निम्मे अजून अंगात असते. "म्हातारपणी झोप येत नाही" म्हणणाऱ्या पुष्कळ आजोबांचा शेवटचा चहा किती वाजता होतो, ते एकदा विचारून पाहा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी सूचना छापल्या. त्यांत म्हटले आहे की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये. एका कप चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. कॉफीत त्याहून जास्त. आता ज्याने त्याने आपले कप मोजावेत. घरचा, चावडीवरचा, बाजारातला, सगळे धरून.

त्याच सूचनांत दुसरी एक गोष्ट आहे आणि ती आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये. का? चहात टॅनिन नावाचा तुरट अंश असतो. भाजीभाकरीतले लोह तो धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर आरोग्याची पाहणी झाली. १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. याची कारणे अनेक आहेत. एकट्या चहाला दोष देणे बरोबर नाही. पण आपल्या घरातली बाई काय करते ते बघा. सगळ्यांना वाढते, आणि मग उरलेली भाकरी चहात बुडवून खाते. वर दवाखान्यातली लोहाची गोळी गिळते, तीही चहाच्याच घोटाबरोबर! असे केल्यावर त्या गोळीचा गुण कमी झाला, तर त्यात नवल ते काय?

पोरांचेही तसेच. सकाळी शाळेत येणाऱ्या मुलाला आम्ही विचारीत असू, "काय खाऊन आलास?" उत्तर ठरलेले : "चा-बटर." चहाने भूक तेवढी मरते, पोट भरत नाही. मुलाला गरम हवे तर नाचणीची पेज द्यावी.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, दिवसाच्या चार कपांपैकी दोन कप तरी बिनचहाचे करावेत. माणसाला हवी असते ऊब, थोडी गोडी, सुवास आणि घटकाभर बूड टेकायला निमित्त. चहाची पत्ती नसली तरी एवढे मिळते.

आता कृती. यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कठीण जिन्नस उकळावा, कोवळे पान झाकून ठेवावे. जुन्या वैद्यांनीही काढा आणि फांट असे दोन प्रकार वेगळे मानले आहेत. काढा उकळून आटवायचा. फांट म्हणजे गरम पाण्यात औषध घालून नुसते मुरू द्यायचे.

पहिला काढा धण्या-जिऱ्यांचा. कारवारकडे आणि गोव्यात याला कषाय म्हणतात. धणे ४ मोठे चमचे, जिरे १ चमचा, बडीशेप १ चमचा, मिरीचे १० दाणे आणि सुंठीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यावा. धणे, जिरे, बडीशेप मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत, कारण जिरे आधी करपते आणि धणे मागे राहतात. खमंग वास सुटला की तवा उतरवावा. निवल्यावर सगळे खलबत्त्यात जाडसर कुटावे. सुंठ आधी ठेचून घ्यावी, नाहीतर ती खलबत्त्यातून उडते.

दोन कपांसाठी अडीच कप पाणी ठेवावे. त्यात दीड लहान चमचा पूड घालावी. पाच-सात मिनिटे उकळून दोन कप उरू द्यावे. वाटले तर थोडा गूळ घालावा, गाळावे. दूध आवडत असेल तर पातेले खाली उतरवून, मग कोमट दूध वरून घालावे. गूळ आणि दूध एकत्र उकळले की दूध फाटते. पहिल्या दिवशी बायका आमच्या नावाने बोटे मोडतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दुसरा पेला गवती चहाचा. याला भाजणे-कुटणे काही नको. दोन कप पाण्यात आल्याचा अर्धा इंच तुकडा ठेचून टाकावा. चार मिनिटे उकळावे. गवती चहाच्या दोन पाती धुऊन, कातरून त्यात टाकाव्यात आणि लगेच आच बंद करावी. वर झाकण ठेवावे. पाच मिनिटे हात लावू नये. मग झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्या. पातीतले सुगंधी तेल वाफेबरोबर वर जाते. झाकण नसते तर तो वास घरभर पसरला असता आणि पेल्यात नुसते हिरवट पाणी उरले असते. तुळशीचे किंवा पुदिन्याचे पान असेल तरी हीच रीत. गाळल्यावर लिंबू पिळावे. लिंबू कधी उकळू नये. त्यातले क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, आणि तेच जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करते.

रात्रीसाठी नुसती बडीशेप पुरे. एक लहान चमचा बडीशेप जरा ठेचावी, कपभर उकळते पाणी ओतावे, झाकावे. ती मुळातच गोडसर असते, साखर लागत नाही. पोट फुगले असेल तर ओवा. त्याची चव सगळ्यांना रुचत नाही, पण अर्धा चमचा बास होतो.

एक हिशेब करू. घरात माणसे ५. प्रत्येकी दिवसाला २ कप चहा. कपाला साखर २ चमचे. म्हणजे रोज २० चमचे. एक चमचा ५ ग्रॅमचा धरला तर रोज १०० ग्रॅम. महिन्याला ३ किलो! बाजारभाव तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, पुढचा गुणाकार तुम्हीच करा. आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे हवा तेवढा चालतो, असे नाही. गूळ साखरेचाच भाऊ आहे. मधुमेह असलेल्या माणसाने दोघांनाही लांबच ठेवावे.

काही जण म्हणतील, "गुरुजी, चहा सोडला की डोकं उठतं." खरे आहे. रोजच्या कॅफीनची सवय झालेली असते. ते एकदम बंद केले तर दुसऱ्या दिवशी डोके धरते, चिडचिड होते. कुणाकुणाला आठवडाभर त्रास होतो. म्हणून एकदम सोडू नये. आधी संध्याकाळचा कप बदलावा. आठ दिवसांनी दुपारचा. सकाळच्या कपाशी आम्ही भांडत नाही.

दुकानातून पुडी आणताना मात्र वाचून घ्या. आता तुम्हाला वाचता येते. "मसाला चहा", "आल्याचा चहा" यांत मसाला असतो, पण चहाही असतो. "ग्रीन टी" नाव नवे असले तरी पान त्याच झुडपाचे. त्यातही कॅफीन आहे. चिकोरी हे एका झाडाचे मूळ, त्यात कॅफीन नाही. पण चिकोरी मिसळलेल्या कॉफीत कॉफीही असतेच.

घरचा आहे म्हणून काढा हवा तेवढा प्यावा, असेही नाही. २०२० साली करोनाच्या साथीत पुष्कळांनी मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग यांचा जहाल काढा दिवसातून पाच-पाच वेळा घेतला. पोटात आग पडली, तोंड आले. काढ्याने घशाला आराम पडतो, रोग जात नाही. ताप, दम, कावीळ असेल तर दवाखाना गाठावा. गरोदर बाईने हे मसाले स्वयंपाकात घालतो तेवढ्याच बेताने घ्यावेत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. तो विकार असलेल्यांनी आणि गरोदर बाईने ज्येष्ठमध घेऊ नये. दालचिनी चिमूटभरच घालावी. बाजारात बहुधा जाड सालीची मिळते, आणि ती रोज फार झाली तर यकृताला बाधते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, काढ्याचा थेंबसुद्धा नाही. वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटवू नये. आणि ज्या पानाची ओळख नाही, ते कुणी कितीही सांगितले तरी पातेल्यात टाकू नये.

लवंग, दालचिनी आणि पुष्कळ पाला यांतही थोडा तुरट अंश असतोच. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईने घरचा काढासुद्धा जेवणाबरोबर घेऊ नये, मध्ये तासभर जाऊ द्यावा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

कुटलेली पूड ओल्या चमच्याने काढू नये, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावी. दीड-दोन महिन्यांत वास उतरतो, म्हणून एका वेळी थोडीच करावी. बरणीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि त्यावर आपल्या हाताने लिहा : "धणे-जिरे पूड." खाली कुटल्याची तारीख घाला.