घोड्याचा खोकला : दुर्लक्ष केल्यास धंद्याचे नुकसान

नारायणगाव आणि जुन्नर-आंबेगावच्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी पळते. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरविला. घोडी पाळणारे, नालबंद, जीन-लगाम बनविणारे या साऱ्यांचा रोजगार या जनावराशी बांधलेला आहे. म्हणून त्याच्या श्वसनविकारांची माहिती आज करून घेऊ.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. शांत उभ्या निरोगी घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात. कुशीची हालचाल पाहून ते मोजता येतात.

ताप नाही, पण चारा खाताना किंवा पळताना खोकला येतो, श्वास सोडताना पोट ओढले जाते, तर बहुधा दमा समजावा. याचे मुख्य कारण तबेल्यातील धूळ व बुरशी. पावसात भिजलेला, कुबट कडबा घालू नये. चारा अर्धा तास पाण्यात भिजवून द्यावा. तोबऱ्यातील दाणाही ओला करावा. लघवीने भिजलेले अंथरूण रोज काढावे व तबेला हवेशीर ठेवावा.

खोकल्याबरोबर ताप व नाकातून पाणी असेल तर इन्फ्लुएंझा असू शकतो. २००८-०९ मध्ये या रोगाची साथ देशात पसरली होती. जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती द्यावी. ती तीन आठवड्यांपेक्षा कमी नसावी. घाईने पळविल्यास फुप्फुस कायमचे अधू होऊ शकते. जबड्याखाली गाठी येऊन पू झाल्यास तो स्ट्रँगल्स हा सांसर्गिक रोग असू शकतो.

सर्वांत घातक ग्लँडर्स. नाकातून चिकट पूमिश्रित स्राव, नाकात व्रण, अंगावर गाठी ही त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो व जिवावर बेततो. त्यावर लस नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार संशय येताच कळविणे बंधनकारक आहे. बाधित जनावर मारावे लागते, पण मालकाला भरपाईची तरतूद आहे. तेव्हा भीतीपोटी रोग लपवू नये. अशा जनावराचे नाल बसविण्याचे कामही नालबंदांनी घेऊ नये.

नवे जनावर आणल्यास तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवावा. खोकणारे जनावर ऐब लपवून विकल्यास गिऱ्हाईक तर जातेच, शिवाय त्याच्या तबेल्यातील सारी जनावरे धोक्यात येतात. पत गेली की धंदा पुन्हा उभा राहणे कठीण. पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळीच दाखविणे हाच स्वस्त उपाय आहे.