सिडनीचा काळा कोळी आणि घरातली रिकामी बरणी

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई सिडनीच्या उत्तरेकडे, हॉर्न्सबी भागात राहतात. दिवाळी झाली की आम्ही दोघं काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. नातू चार वर्षांचा आहे आणि दिवसभर बागेत खेळतो. जगातला सर्वांत विषारी कोळी तिथे लोकांच्या अंगणात सापडतो, असं वाचलं. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “हो आई, इथे लोक तो बरणीत धरतात आणि नेऊन देतात.” ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. असल्या जिवाला मारून का टाकत नाहीत? आणि त्याच्या शेजारी राहायचं तरी कसं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलीने सांगितलं ते खरं आहे. तुमच्या नातवाचं अंगण आज पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे, त्यात त्या बरणीचा मोठा वाटा आहे. त्यामुळे काळजी घ्या, पण झोप घालवू नका.

हा सिडनी फनेल-वेब कोळी. शास्त्रीय नाव अॅट्रॅक्स रोबस्टस. जमिनीत बीळ करून त्याला आतून रेशमाचं अस्तर लावतो आणि तोंडाशी आजूबाजूला धागे पसरून ठेवतो. झुरळ, भुंगा, गोगलगाय यांपैकी कुणाचा पाय धाग्याला लागला की क्षणात बाहेर येऊन भक्ष्य आत ओढतो. रंग तकतकीत काळा किंवा गडद तपकिरी. न्यूकॅसलपासून दक्षिणेला इलावारापर्यंत आणि पश्चिमेला ब्लू माउंटन्सपर्यंत हा आणि याची अगदी जवळची भावंडं राहतात. ओलसर, सावलीची, झाडीची जमीन त्यांना मानवते. सिडनीचा उत्तर भाग नेमका तसाच आहे. म्हणजे हा पाहुणा म्हणून आपल्या घरी आलेला नाही. त्याच्या जमिनीवर आपण घरं बांधली आहेत.

विष खरोखर भयंकर आहे, त्यात अतिशयोक्ती नाही. आपल्या मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमचे अतिसूक्ष्म दरवाजे असतात. संदेश जाताना दरवाजा निमिषभर उघडतो आणि लगेच मिटतो. या विषातलं डेल्टा-हेक्साटॉक्सिन त्याला मिटू देत नाही. मग तंतू थांबायचं नावच घेत नाहीत, संदेशामागून संदेश सोडत राहतात. तोंडाभोवती मुंग्या येतात, जीभ आणि स्नायू थडथडतात, लाळ आणि घाम वाहू लागतो, अंगावर काटा येतो, रक्तदाब चढतो, फुफ्फुसात पाणी भरतं. हे सगळं काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. लहान मुलाच्या बाबतीत तर हाताशी फारच कमी वेळ उरतो.

मला या कोळ्यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढेच आहे. हे विष माणसाला आणि माकडांना असं घातक ठरतं, पण सशाला, कुत्र्याला, मांजराला त्याचा त्रास त्या मानाने पुष्कळच कमी होतो. आणि माणूस पोहोचेपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर माकड, वानर असा एकही प्राणी नव्हता! मग आपल्यावर चालणारं विष या कोळ्याला मिळालं कशासाठी? अलीकडच्या संशोधनातून दिसतं ते असं, की ही विषं मुळात कीटकांना मारण्यासाठी घडली. पुढे नराला शत्रूंपासून बचावासाठी त्यांचा उपयोग झाला. मादी आयुष्यभर बिळात राहते, दहा वर्षांहूनही अधिक जगू शकते. नर मात्र वयात आला की बीळ सोडतो आणि मादीच्या शोधात उघड्यावर भटकतो. पक्षी, सरडे, लहान सस्तन प्राणी, ज्याला दिसेल तो त्याला खाऊ पाहतो. त्याला तिखट विष हवंच. म्हणूनच बहुतेक कोळ्यांच्या उलट इथे नराचं विष मादीच्या विषाहून कितीतरी पट जहाल असतं. आपल्या मज्जातंतूंची घडण त्या विषाला इतकी लागू पडावी, हा निव्वळ दुर्दैवी योगायोग. त्याला आपलं काहीही वाकडं करायचं नव्हतं, आपण त्याच्या भक्ष्यातही नाही आणि शत्रूंतही नाही. हे नीट कळलं की माझ्या मनातली त्याची प्रतिमा बदलते. तुमचीही बदलेल अशी आशा आहे.

आता आकडे. १९२७ सालापासून प्रतिविष तयार होईपर्यंत या कोळ्याच्या दंशाने १३ जण दगावल्याची नोंद आहे. त्यांत लहान मुलं होती. जिथे कोळी ओळखता आला तिथे तो नर होता. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये डॉ. स्ट्रुआन सदरलँड यांनी वर्षानुवर्षं खटपट करून त्यावर प्रतिविष बनवलं. १९८१ च्या आरंभी सिडनीच्या रॉयल नॉर्थ शोअर हॉस्पिटलमध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं आणि तो वाचला. तेव्हापासून या कोळ्याने एकाही माणसाचा जीव गेल्याची नोंद नाही. दरवर्षी सुमारे ३० ते ४० जणांना फनेल-वेब कोळी चावतात, त्यांतल्या थोड्यांनाच गंभीर विषबाधा होते, आणि तेही उपचारांनी बरे होतात. दर उन्हाळ्यात भल्यामोठ्या कोळ्याचं चित्र छापणारी वर्तमानपत्रं ही ओळ शेवटी कुठेतरी टाकतात. माझ्या मते बातमीची पहिली ओळ हीच असायला हवी.

प्रतिविष कोळ्याच्या विषापासूनच बनतं, म्हणून ती बरणी. सिडनीच्या उत्तरेला सॉमर्सबी इथे ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. या प्रतिविषासाठी लागणारं विष संपूर्ण देशात तेवढं एकच ठिकाण पुरवतं. तिथे शेकडो कोळी सांभाळतात. कर्मचारी नराला जरा डिवचतात, तो पुढचे पाय उचलून उभा ठाकतो, विषदंतांच्या टोकाशी थेंब येतो आणि बारीक काचनळीने तो खेचून घेतात. एका कोळ्याकडून मिळणारं विष इतकं थोडं, की सतत नवे नर लागतात. आणि नर मोठा झाल्यावर काही महिनेच जगतो. हे नर येतात कुठून? साध्या घरांतून! लोक बागेत, गॅरेजमध्ये, कपडे धुण्याच्या खोलीत सापडलेला कोळी बरणीत धरतात आणि ठरलेल्या केंद्रावर देतात. २०२४ च्या जानेवारीत असाच आलेला एक नर ७.९ सेंटिमीटरचा भरला, त्याचं नाव ‘हर्क्युलस’ ठेवलं. पुढचं काम ससे करतात. त्यांना विष थोडंथोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शुद्ध करून औषध बनतं. हाफकिनमध्ये सापाच्या विषावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून बनवतात, तशातलाच हा प्रकार.

आपल्याकडे सापाचं विष काढणाऱ्यांत तमिळनाडूच्या इरुळा समाजाची १९७८ साली सुरू झालेली सहकारी संस्था फार मोलाचं काम करते. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या साप धरत आले आहेत. सिडनीत मात्र बँकेत नोकरी करणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस हे करतो. तुम्ही विचारता, मारून का टाकत नाहीत? एक कारण, ते शक्यच नाही. दगडाखाली, ओंडक्याखाली, जंगलात बिळांत राहणारा जीव फवारणीने संपत नाही. आणि संपला, तर औषधही संपेल.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही दिवाळीनंतर जाताय, म्हणजे नेमका नरांच्या भटकंतीचा हंगाम. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, रात्री, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर ते फिरतात. गुळगुळीत भिंत किंवा काच त्यांना चढता येत नाही, त्यामुळे धोका जमिनीलगत असतो. चपला-बूट बाहेर ठेवायची आपली सवय तिथे मोडा. घरात आणून उंचावर ठेवा, आणि तरीही घालण्याआधी उलटे करून झटका. कपडे, ओले टॉवेल, नातवाची खेळणी जमिनीवर रात्रभर राहू देऊ नका. बागेत माती उकरताना, कुंडी सरकवताना जाड हातमोजे घाला. तुम्हाला बागकामाची आवड असेल तर हे दुप्पट पाळा. दाराखालची फट बुजवून घ्यायला जावयांना सांगा. घरी पोहण्याचा तलाव असेल तर तळाशी निपचित पडलेला कोळी मेलेला समजू नका. अंगावरच्या केसांत हवा धरून तो २४ तासांहूनही अधिक तग धरतो. तो जाळीने काढायचा, हाताने नाही.

नातवाला भीती घालू नका, एकच गोष्ट शिकवा : कोळी दिसला की हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. चार वर्षांच्या मुलाला तेवढं जमतं. बरणीचं काम मुलीवर किंवा जावयांवर सोपवा. उंच, रुंद तोंडाची बरणी, लांब काठीने कोळी आत ढकलायचा, थोडी ओली माती, झाकणाला बारीक भोकं, आणि वर तारीख व ठिकाण लिहिलेली चिठ्ठी. ज्याचा हात कापतो त्याने हे करूच नये.

चावलाच तर? पळापळ करू नका, चालूही नका. दंशावर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा, मग बोटांपासून वरपर्यंत संपूर्ण हात किंवा पाय गुंडाळा, फळी बांधून स्थिर ठेवा आणि ०००ला फोन करा. पट्टा रुग्णालयात डॉक्टरच सोडतील. सल्ल्यासाठी विषबाधा केंद्राचा क्रमांक १३ ११ २६. हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि बँडेजचे दोन-तीन गुंडाळे घरात असू द्या. इथल्या वाचकांसाठी मात्र एक इशारा : हा पट्टा घोणस किंवा फुरसं चावल्यावर बांधायचा नाही. त्या विषाने चावलेल्या जागेचं मांसच सडतं, आणि पट्ट्याने ते तिथेच अडकून इजा वाढू शकते.

सिडनीत तुम्हाला आणखी दोन कोळी भेटतील. भिंतीवर बसलेला, तळहाताएवढा, चपटा, लांब पायांचा कोळी पाहून बहुतेक पाहुणे किंचाळतात. तो हंट्समन. आपल्या जुन्या घरांत झुरळं खाणारा मोठा कोळी त्याच कुळातला. त्याच्यापासून जिवाला धोका नाही. दुसरा रेडबॅक, पाठीवर लाल पट्टा असलेली छोटी काळी मादी. खुर्चीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये जाळं करते. तिच्या दंशाने खूप दुखतं, पण विष सावकाश चढतं. तिथे घट्ट पट्टा बांधू नये, दुखणं वाढतं. बर्फ लावून डॉक्टरकडे जायचं. कोणता कोळी चावला हे कळत नसेल आणि तो मोठा व काळा असेल, तर फनेल-वेब धरूनच चालावं.

याच विषयावर ठाण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘सिडनीच्या कोळ्याच्या आता तीन जाती निघाल्या म्हणे. मग जुनं औषध चालतं का?’

चालतं. २०२५ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की आपण एक समजत होतो त्या कोळ्याच्या तीन वेगळ्या जाती आहेत. सिडनीचा मूळ, दक्षिणेकडचा आणि ब्लू माउंटन्सचा दुसरा, आणि न्यूकॅसल भागातला सर्वांत मोठा तिसरा. त्या तिसऱ्याचं नाव अॅट्रॅक्स क्रिस्टेन्सेनी. नावं आज वेगळी झाली, कोळी आधीपासून तेच होते, आणि इतकी वर्षं या तिघांच्या दंशावर तेच प्रतिविष लागू पडत आलं आहे.