बिननावाच्या पुड्या

आयुर्वेदाच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची गोळी दिली, एवढ्यावर महाराष्ट्रात दावा उभा राहत नाही. पोशीरमध्ये किंवा नेरळच्या बाजारात मी हे सांगते तेव्हा बायका चिडतात. ‘डिग्री एकाची, औषध दुसऱ्याचं, मग गुन्हा झालाच की,’ असं त्यांचं म्हणणं. राग खरा आहे, पण रागावर दावा चालत नाही. आमच्या घरी जे घडलं त्यातून हे शिकायला मिळालं, म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाईंचा जन्म भाताच्या लावणीत गेला. गुडघे धरले तेव्हा कुणीतरी एका दवाखान्याचं नाव सुचवलं. पाटीवर ‘डॉ.’ आणि खाली ‘सांधेदुखीवर आयुर्वेदिक उपचार’. पदवी लिहिलेली नाही, नोंदणी क्रमांक नाही. चिठ्ठी कधी मिळाली नाही. मिळायच्या त्या कागदात बांधलेल्या पुड्या, सकाळी एक, रात्री एक. आठवड्याच्या आत त्या बांधावर चालायला लागल्या. भूक वाढली, चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणायच्या, ‘म्हातारीने बाळसं धरलं.’ पण हातपाय काड्यांसारखे होत होते, पोट सुटलं होतं आणि जरा धक्का लागला की कातडीवर काळेनिळे डाग उठत होते.

पुढे त्या खोपोलीला लेकीकडे राहायला गेल्या आणि पुड्या संपल्या. काही दिवसांतच ओकाऱ्या सुरू झाल्या, रक्तदाब उतरला, अंथरुणातून उठवेना. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चेहरा पाहून पहिला प्रश्न विचारला, ‘सांधेदुखीच्या पुड्या चालू होत्या का?’ त्यांनी समजावलं ते असं: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून महिनोन्‌महिने स्टिरॉइड मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. मग औषध एकाएकी तुटलं तर शरीराकडे ना बाहेरचं उरतं ना घरचं, आणि माणूस दगावूही शकतो. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल फारच कमी निघालं. सासूबाई वाचल्या. स्टिरॉइड पुन्हा सुरू करून ते हळूहळू कमी करत न्यावं लागलं.

कुणाच्या घरी अशा पुड्या चालू असतील तर हे वाचून त्या आजच बंद करू नका. पुडी घेऊन मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘यात स्टिरॉइड असेल’ असं स्वतःहून सांगा.

आम्ही वकिलांमार्फत नोटीस दिली. उत्तर आलं: मी फक्त चूर्ण दिलं, रुग्णाने आणखी काय खाल्लं मला माहीत नाही. आमच्याकडे काय होतं? मोबाइलवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आणि सासूबाईंच्या डब्यात उरलेली एक पुडी. वकील म्हणाले, ‘ताई, पुडीत काय आहे ते प्रयोगशाळा सांगेल. ती कोणी दिली हे कोण सांगणार?’

कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घ्यायला हवं. मुंबईत 1992 साली एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. पत्नीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळली, पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या निकालात तीन लाखांची भरपाई दिली. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने ठरवलं. लोक हा निकाल ऐकून असतात. मात्र 1998 च्या मुख्तियार चंद निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली: राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तर आयुर्वेदाचे डॉक्टर आधुनिक औषधं लिहू शकतात. महाराष्ट्राने 1992 आणि 1999 च्या अधिसूचनांनी ठरावीक वर्गांत नोंदणी असलेल्यांना, त्यांच्या प्रशिक्षणापुरती, ही मुभा दिली आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी 2014 मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आणला गेला. त्यावरचा वाद 2025 मध्येही धुमसत होता.

मला ही मुभा पूर्ण चुकीची वाटत नाही. आमच्या भागातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर रात्री ताप चढला तर हाकेला येतो तो बहुतेक बीएएमएसच. पण मुभा म्हणजे माफी नव्हे. औषध वापरण्याचा अधिकार घेतला की ते कसं वापरायचं, काय तपासायचं, रुग्णाला काय सांगायचं, ही जबाबदारीही आली. आणि आयुर्वेदिक म्हणून ॲलोपॅथी खपवणं तर उघड फसवणूक आहे. ऋषिकेशच्या एका दवाखान्याने फिट्स येणाऱ्या मुलाला असंच केलं होतं. ‘भंवर कंवर विरुद्ध आर. के. गुप्ता’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये भरपाई वाढवून पंधरा लाख केली. तिथे दिलेली औषधं काय होती ते सिद्ध करता आलं, आमचं घोडं तिथेच अडलं.

म्हणून पहिल्याच भेटीत चिठ्ठी मागा. त्यावर औषधाचं नाव, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक हवा. मागताना लाजू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही आणि जो रागावतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. क्रमांक आयुर्वेदाचा असेल तर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेत, होमिओपॅथीचा असेल तर महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेत पडताळता येतो. नोंदणीच नसेल तर तो बोगस डॉक्टर; तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. गोळी मूळ पाकिटातच घ्या. सुटी पुडी दिलीच तर डॉक्टरकडून तिच्यावर नाव आणि तारीख लिहून घ्या. विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा हक्क औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 ने सामान्य माणसाला दिला आहे. हे आम्हाला वकिलांकडूनच कळलं, दवाखान्यांत कुणी सांगत नाही. रुग्णालयातून कागदांच्या प्रती मागून घ्या. त्या नाकारता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे.

पोलिसांत जाण्याची घाई करू नका. फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो, आणि तज्ज्ञ डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात म्हटलं आहे. भरपाईचा रस्ता ग्राहक आयोगाचा. तो पैसे देऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. कळंबच्या आरोग्य केंद्रात सगळ्यांना फुकट मिळणारा उपचार त्यात बसत नाही.

रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून ती कधी सरते कळत नाही. तेव्हा घरातलं माणूस रुग्णालयात असतानाच एकाने कागद गोळा करायला लागा.