सोळा तास उपाशी राहू का?

प्रश्न : वय ४५, वजन ८२ किलो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते. वजन उतरवायला रोज सोळा तासांचा उपवास करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी डॉक्टरांना विचारा. या गोळीवर पोट रिकामं राहिलं, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. १५ मिनिटांनी साखर तपासा.

डॉक्टरांनी डोस ठरवून दिल्यावर बारा तासांपासून सुरुवात करा : रात्री आठला जेवण, सकाळी आठला नाश्ता. मध्ये फक्त पाणी. वजन उतरतं ते एकूण खाणं कमी झाल्यानं. म्हणून उपवास साबुदाण्याच्या खिचडीनं सोडू नका. मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, कोशिंबीर खा.